'फ्लेग्मॅटिक': आगीतून जन्मलेला थंड शब्द

१/
संकट कोसळले तरी एखाद्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. त्याचे वर्णन करण्यासाठी मराठीत अनेक शब्द सिद्ध आहेत. तो राजा असेल तर 'धीरोदात्त', संत असेल तर 'स्थितप्रज्ञ', न्यायाधीश असेल तर 'निर्विकार'. तोच कारकून असेल तर 'ढिम्म', विद्यार्थी असेल तर 'मख्ख' आणि कर्जदार असेल तर 'निगरगट्ट'. वर्तन एकच; शब्द मात्र माणसाची पायरी पाहून बदलतो. इंग्रजीत हा सारा पसारा 'फ्लेग्मॅटिक' या एका शब्दात सामावला आहे. या धाग्यात त्या शब्दाचा सुमारे अडीच हजार वर्षांचा प्रवास आहे, आणि त्या प्रवासातून उभा राहणारा एक आक्षेपही: स्वभाववाचक विशेषणाला ऐतिहासिक कारणाचा दर्जा देता येत नाही.

२/
'फ्लेग्मॅटिक' म्हणजे ज्याच्या भावना सहज उचंबळत नाहीत असा, थंड व संथ प्रकृतीचा माणूस. पण या थंड शब्दाचे मूळ आगीत आहे. ग्रीक भाषेत 'फ्लेगेइन' या क्रियापदाचा अर्थ 'जळणे, पेटणे'. त्यापासून 'फ्लेग्मा' हे नाम झाले. होमरच्या 'इलियड'मध्ये 'फ्लेग्मा' येतो तो ज्वाळा या अर्थाने. ट्रॉयच्या रणभूमीवरील आगीच्या वर्णनात. तेथे कफाचा, श्लेष्म्याचा किंवा संथपणाचा मागमूसही नाही. पुढे वैद्यकात हाच शब्द शरीरातील दाहासाठी, सुजेसाठी वापरला जाऊ लागला. सूज आली की तेथून स्राव होतो. आणि हळूहळू दाहाचे नाव त्या स्रावाला चिकटले.

३/
इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरीस 'मानवाच्या प्रकृतीविषयी' हा ग्रंथ लिहिला गेला. तो हिपोक्रेटिसच्या ग्रंथसमूहात मोडतो. त्याचा कर्ता हिपोक्रेटिसचा जावई पॉलिबस असावा, असे मानण्यास ॲरिस्टॉटलचा आधार आहे. शरीरात रक्त, फ्लेग्मा, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार द्रव असतात, अशी मांडणी त्यात आहे. फ्लेग्मा हा त्यांपैकी सर्वांत थंड. पुरावा कोणता? तो हाताला थंड लागतो, आणि हिवाळ्यात लोकांच्या नाका-तोंडातून तोच सर्वाधिक वाहतो. वसंतात रक्त, उन्हाळ्यात पिवळे पित्त, शरदात काळे पित्त व हिवाळ्यात फ्लेग्मा असे ऋतूंचे वाटपही झाले. ज्वाळेचे नाव आता शरीरातील सर्वांत थंड पदार्थाला मिळाले होते.

४/
हा उलटफेर त्या काळातही कोणाला खटकला नाही असे नाही. सॉक्रेटिसचा समकालीन प्रोडिकस हा सोफिस्ट शब्दांच्या काटेकोर वापराबद्दल प्रसिद्ध होता. त्याने हरकत घेतली की 'फ्लेग्मा' हा शब्द जळण्यावरून आला असेल तर तो शरीरातील करपलेल्या, अतितप्त द्रवालाच शोभतो. नाकातल्या थंड स्रावाला 'ब्लेन्ना' असे वेगळे नाव द्यावे. ही हरकत आज ठाऊक आहे ती सुमारे सहाशे वर्षांनी गेलेनने केलेल्या नोंदीमुळे. प्रोडिकसचे तर्कशास्त्र बिनचूक होते; तरीही तो हरला. शब्दाचा अर्थ व्युत्पत्ती ठरवत नाही, वापरणारे ठरवतात. या प्रवासात हा धडा पुन्हा पुन्हा मिळतो.

५/
पर्गामॉनचा गेलेन (इ.स. १२९ ते सुमारे २१६) हा रोमन जगातील सर्वांत प्रभावी वैद्य. शरीरातील द्रवांचा मनाशी संबंध जोडताना त्याने वाटप केले ते असे: पिवळ्या पित्ताने बुद्धी तीक्ष्ण होते, काळ्या पित्ताने स्थैर्य येते, रक्ताने भोळेपणा. आणि फ्लेग्मा? 'मानवाच्या प्रकृतीविषयी' या ग्रंथावरील भाष्यात गेलेन सांगतो की फ्लेग्म्याचा स्वभाव घडवण्याशी काहीच संबंध नाही. हे वाक्य या साऱ्या कथेतील कळीचा दुवा आहे. ज्याच्या नावावर पुढची अनेक शतके युरोपने माणसांचा एक संपूर्ण वर्ग उभा केला, त्या गेलेनच्या लेखी येथे फ्लेग्म्याचा रकाना रिकामा होता.

६/
रिकामा रकाना व्यवस्थाप्रिय मनाला सहन होत नाही. चार द्रव, चार ऋतू, चार महाभूते, आयुष्याच्या चार अवस्था अशी सममिती जमल्यावर स्वभावही चार हवेच होते. उत्तर-प्राचीन काळापासून बाराव्या शतकापर्यंत हा चौकोन पूर्ण होत गेला. फ्लेग्म्याच्या वाट्याला जल, हिवाळा व वार्धक्य आले. आणि 'स्वभावाचा अभाव' हाच त्याचा स्वभाव ठरला. दक्षिण इटलीतील सालेर्नो येथील वैद्यपरंपरेशी जोडलेल्या आरोग्यविषयक पद्यग्रंथात फ्लेग्मॅटिक माणूस कसा रंगवला आहे? स्थूल, झोपाळू, मंदबुद्धी, हालचालीत आळशी, वर्णाने फिकट. हे वर्णन कोणा रुग्णाच्या तपासणीतून निघालेले नाही. चौकोनाचा चौथा कोपरा भरायचा होता आणि उरलेसुरले दुर्गुण तेवढे शिल्लक होते.

७/
कोपरा तयार झाल्यावर त्यात बसवायला माणसे लागतात. गेलेनच्या परंपरेत स्त्रीची प्रकृती पुरुषाहून थंड व ओलसर मानली जाई, म्हणजे फ्लेग्म्याच्या जवळची. स्पॅनिश वैद्य हुआन हुआर्ते याने १५७५ मध्ये बुद्धीच्या प्रकारांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. थंडपणा व ओलावा यांमुळे स्त्रियांना प्रखर बुद्धी लाभत नाही, असे त्यात प्रतिपादले आहे. विद्यापीठांची दारे तेव्हा स्त्रियांना जवळजवळ सर्वत्र बंदच होती. दारे बंद ठेवणाऱ्यांना आता शरीरशास्त्राचा दाखला मिळाला. 'स्त्री शिकत नाही' या वस्तुस्थितीचे कारण शाळेच्या कुलपात न शोधता तिच्या शरीरातील द्रवात शोधले गेले.

८/
हा शब्द पूर्वेकडेही आला. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गेलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. ग्रीक 'फ्लेग्मा' अरबीत 'बल्गम' झाला. इब्न सिनाच्या 'कानून'मधून तो वैद्यकाच्या अभ्यासक्रमात रुजला. हिंदीभाषक आज खोकल्यातून पडणाऱ्या बेडक्याला 'बलगम' म्हणतात, तो हाच होमरचा शब्द. 'युनानी' या वैद्यकाच्या नावातच यवन, म्हणजे आयोनियाचे ग्रीक आहेत. हकिमांच्या भाषेत माणसाचा 'मिजाज' दमवी, सफरावी, सौदावी किंवा बल्गमी असतो. 'मिजाज' म्हणजे मूळ अरबीत 'मिश्रण'. लॅटिन 'टेंपेरामेंटुम'चाही अर्थ योग्य मिश्रण असाच. मराठीत या मिश्रणाची 'मिजास' झाली, आणि तिचा अर्थ घमेंड!

९/
आता आयुर्वेद. त्यात दोष तीन: वात, पित्त, कफ. कफाचे दुसरे नाव 'श्लेष्मा', आणि ते 'श्लिष्' या धातूपासून आले आहे. अर्थ चिकटणे, मिठी मारणे. आश्लेष हा शब्द व काव्यातील श्लेष अलंकार ही त्याचीच भावंडे. ग्रीकांना या द्रवाच्या नावात जाळ दिसला, संस्कृत वैद्यांना मिठी. त्याहून महत्त्वाचा भेद स्वभाववर्णनात आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात कफप्रकृतीची माणसे बलवान, धनवान, विद्यावान, ओजस्वी, शांत व दीर्घायुषी सांगितली आहेत. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तही कफप्रकृतीचा माणूस क्षमाशील, गंभीर व कृतज्ञ आहे. ज्या द्रवाने सालेर्नोत माणूस झोपाळू व जड झाला, त्यानेच चरकाच्या ग्रंथात तो विद्वान आणि बलवान झाला.

१०/
या तफावतीचा अर्थ 'आमचे वैद्यक थोर, त्यांचे हीन' असा लावण्याचा मोह टाळला पाहिजे. दोन्ही परंपरांना शरीरातील एक चिकट पदार्थ दिसला आणि एक संथ माणूस दिसला. त्या दोहोंना जोडणारी रेषा मात्र प्रत्येकीने आपापल्या मूल्यांनुसार काढली. संथपणाला स्थैर्य मानणाऱ्या ग्रंथकाराने कफाला गुण दिले. चपळ बुद्धीला सर्वोच्च मानणाऱ्याने दोष दिले. द्रवाने काहीच सांगितले नव्हते. स्वभावाचे वर्णन वाचताना वर्णिलेल्या माणसाइतकीच माहिती वर्णन करणाऱ्याविषयी मिळते, हे येथे दोन ग्रंथ शेजारी ठेवताच उघड होते.

११/
एका माणसावर लावलेले विशेषण संपूर्ण समाजावर लावणे ही पुढची पायरी. तिची सुरुवातही जुनी आहे. ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या सातव्या भागात म्हणतो की युरोपच्या थंड प्रदेशांतील लोकांत धमक असते पण बुद्धी कमी. आशियातील लोकांत बुद्धी असते पण धमक नसते, म्हणून ते दास्यात राहतात. ग्रीक मध्यभागी असल्याने त्यांच्यात दोन्ही गुण आहेत. १७४८ मध्ये मॉन्तेस्क्यूने 'कायद्यांचे मर्म' या ग्रंथात हवामानाचा सिद्धांत नव्याने मांडला: थंडीने शरीर व मन कणखर होते, उष्णतेने शिथिल; भारतीयांची निष्क्रियता त्याने याच सूत्रात बसवली. ॲरिस्टॉटलच्या लेखी ज्या उत्तरेकडे बुद्धीची उणीव होती, ती उत्तर आता गुणवान झाली. दोन सहस्रकांत हवामान तेवढे बदलले नव्हते. लिहिणाऱ्याचे गाव बदलले होते.

१२/
१७९८ मध्ये इमान्युएल कांटने आपल्या मानवशास्त्रविषयक ग्रंथात या शब्दाला पुन्हा वळण दिले. फ्लेग्म्याचे त्याने दोन भाग केले. दुर्बलतेच्या रूपात तो आळस; सामर्थ्याच्या रूपात मात्र सहज न हलणारी, पण एकदा हलली की टिकून राहणारी वृत्ती. असा माणूस शहाणपणाचे काम स्वभावानेच करून जातो आणि लोक त्याला तत्त्वज्ञ म्हणतात, असे कांटचे मत. आठ वर्षांपूर्वीच्या ग्रंथात त्याने चांगल्या अर्थाच्या फ्लेग्म्याला उदात्ताच्या पंक्तीत बसवले होते. आणि हा चांगला, बुद्धीशी जोडलेला फ्लेग्मा कोणत्या राष्ट्राच्या वाट्याला आला? कांटने तो जर्मनांना दिला. कांट स्वतः केनिग्सबर्गचा रहिवासी होता, हे येथे लक्षात ठेवावे.

१३/
फ्रेंचांनी हा गुण इंग्रजांना बहाल केला; 'ब्रिटिश फ्लेग्म' हा फ्रेंच भाषेतला रूढ वाक्प्रचार आहे. त्याचा मूर्तिमंत नमुना म्हणजे ज्यूल व्हर्नच्या, १८७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या, 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' या कादंबरीचा नायक फिलियस फॉग. हा गृहस्थ मुंबईत उतरतो, पासपोर्टवर शिक्का घेतो, स्टेशनवर जेवतो आणि शहर पाहण्याचा विचारही न करता आगगाडीत बसतो. वाचकाला ही अलिप्तता भारदस्त वाटावी, अशी लेखकाची योजना आहे. ज्या दख्खनमध्ये पुढील तीन-चार वर्षांत शेतकऱ्यांचा उठाव आणि महादुष्काळ घडणार होता, त्या दख्खनचे प्रवेशद्वार त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. त्या न पाहण्याला व्हर्नच्या वाचकांनी 'फ्लेग्म' म्हटले आणि कौतुक केले.

१४/
याच काळात भावनाशून्यतेच्या दुसऱ्या एका शब्दाचे उलटे पतन पूर्ण झाले होते. इ.स.पू. ३०० च्या सुमारास सायप्रसमधील किटियमचा झेनो अथेन्समधील चित्रांकित ओसरीत शिकवू लागला. त्या ओसरीच्या 'स्टोआ' या नावावरून त्याचे अनुयायी 'स्टोइक' ठरले. त्यांचे ध्येय 'अपाथेइया', म्हणजे विकारांच्या गुलामीतून मुक्ती. हे दगड होणे नव्हते. आनंद, सावधपणा व सदिच्छा या विवेकी भावनांना त्यांनी स्थान ठेवले होते. हाच शब्द इंग्रजीत 'ॲपथी' झाला आणि त्याचा अर्थ उरला बेफिकिरी, अनास्था. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजाच्या हाती दोन शब्द होते. भावना न दाखवणे स्वतःच्या लोकांत दिसले तर 'फ्लेग्म', शासितांमध्ये दिसले तर 'ॲपथी'.

१५/
मराठीतही अशी घसरण झालेली आहे. 'उदासीन' या शब्दाचा मूळ अर्थ बाजूला, अलिप्त बसलेला. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'तील राजमंडलात 'उदासीन' हा दुबळा राजा नाही. तो संघर्षाबाहेर असलेला, पण इतर सर्वांहून बलिष्ठ आणि कोणालाही साहाय्य वा निग्रह करण्यास समर्थ असा राजा आहे. गीतेतही अलिप्ततेच्या अर्थाने हा शब्द आदराने येतो. आजच्या वर्तमानपत्रातील 'प्रशासन उदासीन' या मथळ्यात मात्र तो दूषण आहे, आणि त्याच कुळातला 'उदास' तर केवळ खिन्न झाला आहे. शब्दाचे हे अवमूल्यन भाषेचा सहज व्यवहार आहे. पण जुना कागद आजच्या अर्थाने वाचला, तर सर्वांत सामर्थ्यवान राजा सर्वांत निष्काळजी ठरेल.

१६/
आता या शब्दांनी प्रत्यक्ष इतिहासात काय केले ते पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या लेखनात भारतीय शेतकरी 'सोशिक', 'दैववादी' आणि 'अनास्थ' म्हणून वारंवार भेटतो. दख्खनचा कुणबीही त्याला अपवाद नव्हता. या विशेषणांची कसोटी १८७४-७५ मध्ये लागली. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाची तेजी ओसरली होती; नव्या जमाबंदीने सारा वाढला होता; दिवाणी न्यायालये सावकाराच्या खतावर हुकूमनामे देत होती. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर सामाजिक बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला.

१७/
या उठावाचे सर्वांत बोलके वैशिष्ट्य म्हणजे त्याचे लक्ष्य. जमावाला हवी होती ती कर्जखते व हुकूमनामे. ती हाती आली की जाळली गेली. माणसांवर गंभीर हल्ले तुलनेने फारच थोडे झाले. आपली जमीन नेमक्या कोणत्या कागदाने जाते आहे, हे या 'अनास्थ' माणसांना पक्के ठाऊक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. दैववादी ठरवलेल्या रयतेने साम्राज्याला कायदा बदलायला लावला. स्वभावाच्या सिद्धांतात या घटनेला जागा नव्हती. साऱ्याचा आकडा, कापसाचा भाव आणि न्यायालयाची कार्यपद्धती पाहिली की तिचे कारण सरळ हाती लागते.

१८/
पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. दक्षिण व पश्चिम भारतात मिळून मृतांची संख्या ५० लाखांहून अधिक धरली जाते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटन याच्या अध्यक्षतेखाली राजेशाही दरबार भरला, तेव्हा हा दुष्काळ चालू होता. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेम्पल याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला सुमारे १ पौंड धान्य व वर थोडे पैसे, एवढ्यावर आणले. मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली. तेव्हा हजारो उपाशी मजुरांनी कामे सोडून संप केला. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी अर्थात 'सार्वजनिक काका' यांच्या काळात, दुष्काळाची तपशीलवार वृत्ते सरकारकडे पाठवली.

१९/
येथे दोन चेहरे शेजारी ठेवावेत. एकीकडे लाखो मृत्यूंची वृत्ते येत असताना मजुरीचे दर मोजणारा अधिकारी. त्याच्या अविचल चेहऱ्याला 'कर्तव्यकठोर', 'स्थिरबुद्धी' म्हणण्याची रीत होती. दुसरीकडे दुष्काळी छावणीच्या दारात मूक बसलेले कुटुंब. त्याच्या अविचल चेहऱ्याला 'दैववाद' म्हटले गेले. पण उपासमारीने क्षीण झालेले शरीर हालचाल व बोलणे कमी करते. ती शरीराची शक्ती राखण्याची धडपड असते. भुकेला स्वभाव म्हणणे ही केवळ भाषेची चूक राहत नाही. दुःख ज्याला 'वाटतच नाही' असे एकदा लिहिले गेले, त्याला कमी अन्न देण्याचा निर्णय घेणे सोपे जाते. विशेषणाची किंमत अशी पौंडात आणि आण्यात मोजली गेली.

२०/
यावर एक रास्त प्रश्न उभा राहतो. माणसांचे स्वभाव खरोखरच भिन्न नसतात काय? असतात. १८५८ मध्ये रुडॉल्फ विर्खोने पेशींच्या विकृतीवर आधारलेले रोगशास्त्र मांडल्यानंतर द्रवांचा सिद्धांत वैद्यकातून मावळला; तरी स्वभावभेद मावळले नाहीत. विसाव्या शतकात पाव्हलोव्हने मज्जासंस्थेच्या प्रकारांशी आणि हान्स आयझेंकने व्यक्तिमत्त्वाच्या मोजमापांशी जुन्या चार नावांची सांगड घातली. आयझेंकच्या आराखड्यात फ्लेग्मॅटिक म्हणजे अंतर्मुख पण भावनिकदृष्ट्या स्थिर. येथे आक्षेप स्वभाव या कल्पनेवर नाही. एखाद्या व्यक्तीचा स्वभाव तिच्या अनेक कृतींवरून अनुमानाने ठरतो. समूहाचा स्वभाव बहुधा दुरून, एका नजरेत आणि सोयीने ठरवला जातो.

२१/
जवळून केलेले वर्णन कसे असते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या दोन घोड्यांवर त्याच्या मांडीखालीच प्रहार झाला आणि तरीही तो शांतपणे हुकूम देत राहिला, अशी नोंद त्याच्या सहकाऱ्यांनी केली. त्याच रणांगणात शिंद्यांच्या तोफखान्याचे गोलंदाज तोफा न सोडता तोफांपाशीच मारले गेले, हीही नोंद इंग्रजांनीच केली आणि आदराने केली. दोन्ही नोंदींत कृती आहे, वेळ आहे, साक्षीदार आहे. अशा वेळी 'थंड डोक्याचा' म्हणणे योग्य ठरते. तोच गोलंदाज पुढे गावी परतून सारा भरू लागला असता, तर प्रशासकीय अहवालात तो 'अनास्थ रयत' झाला असता.

२२/
हा दोष केवळ साहेबाच्या लेखणीत नाही. समाजमाध्यमांवरील मराठी इतिहासलेखनातही 'अमुक पेशवा स्वभावाने थंड होता म्हणून मोहीम फसली', 'तमुक सरदार निर्विकार होता म्हणून जिंकला', 'आपला समाजच सहनशील आहे' अशी वाक्ये सर्रास आढळतात. ती ऐकायला भारदस्त वाटतात, कारण त्यांना पुरावा द्यावा लागत नाही. मोहीम फसली तर खजिना, रसद, पावसाळा, फितुरी, घोड्यांची वैरण यांचा हिशेब मांडावा लागतो. त्यासाठी दफ्तर चाळावे लागते, मोडी वाचावी लागते. स्वभावाचे विशेषण हे सारे श्रम वाचवते. गेलेनच्या रिकाम्या रकान्यासारखेच ते काम करते: जेथे माहिती नसते तेथे ते बसवले जाते.

२३/
तेव्हा जुन्या कागदात किंवा नव्या लेखात असा शब्द भेटला की तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हा शब्द कोणी वापरला, आणि ज्याच्यासाठी वापरला त्याच्याशी त्याचे नाते काय होते? सावकार-कुळाचे, राजा-रयतेचे, की सोबतीचे? दुसरा: त्या शब्दाचा अर्थ त्या काळी काय होता? कौटिल्याचा 'उदासीन' आणि आजचा 'उदासीन' एक नव्हे. तिसरा: विशेषण वगळून वाक्य पुन्हा लिहिले तर कारण म्हणून काही उरते काय? उरत असेल तर त्या विशेषणाने केवळ शोभा आणली होती. काहीच उरत नसेल, तर त्या वाक्यात मुळात इतिहास नव्हताच.

२४/
शेवटी पुन्हा मूळ शब्दाकडे. अठराव्या शतकाच्या रसायनशास्त्रात 'फ्लेग्म' म्हणजे ऊर्ध्वपातनातून निघणारा पाणचट, न जळणारा अंश. आणि त्याच प्रयोगशाळेत त्याच ग्रीक मुळापासून घडवलेला 'फ्लॉजिस्टन' म्हणजे पदार्थाला जाळणारे मानीव तत्त्व. दोघे एकाच घराण्यातले. एक विझलेला, एक पेटता. फ्लॉजिस्टनचे अस्तित्व लाव्हाझिएने खोडून काढले. 'फ्लेग्मॅटिक' मात्र टिकला, कारण त्याला तराजूवर तोलण्याची वेळ कधी आली नाही. तो तोलण्याचे काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. थंड म्हणून नोंदवलेल्या माणसाच्या चेहऱ्यामागे काय जळत होते, हे सुप्याच्या वाड्यांपुढे पेटलेल्या कर्जखतांनी एकदा दाखवून दिले आहे.

(धागा समाप्त)